तळ्यातलं प्रतिबिंब कोणाच्या मालकीचं? योसेमिटीच्या दोन फोटोग्राफरकडून शिकायचा धंदा



फोटोग्राफीच्या व्यवसायावर बोललं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मला लग्नं-बारशी नाही करायची. मला डोंगर, तळी, जंगल यांचेच फोटो काढायचेत. यात पोट भरतं का?"

भरतं. पण नुसता फोटो सुंदर आला म्हणून भरत नाही. त्या फोटोचा मालक कोण, तो पुन्हा पुन्हा विकता येतो का आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. आज हे समजून घेण्यासाठी आपण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. एकाच दरीत दोन फोटोग्राफर होऊन गेले. दोघंही कलेत अव्वल. एकाचा शेवट सरकारी मनोरुग्णालयात झाला. दुसऱ्याच्या नावाचं दुकान आजही त्याच दरीत सुरू आहे. फरक कुठे पडला ते बघूया.

आधी जागा समजून घ्या

सिएरा नेवाडा पर्वतरांगेत मर्सेड नदीने आणि हिमनद्यांनी कोरलेली ही दरी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे. एल कॅपिटनचा कडा दरीच्या तळापासून साधारण ३,००० फूट उभा आहे. दुसऱ्या टोकाला हाफ डोम, म्हणजे अर्धा कापलेला घुमट वाटावा असा डोंगर, समुद्रसपाटीपासून ८,८०० फुटांहून उंच. त्याच्या पायथ्याशी मिरर लेक नावाचं छोटं तळं आहे. टेनाया नावाच्या ओढ्याचं पाणी इथे साचतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळलं की तळं भरतं, डोंगर त्यात आरशासारखा दिसतो. उन्हाळा सरता सरता पाणी आटत जातं आणि बऱ्याच भागात वाळू आणि गवत उरतं. म्हणजे "माल" वर्षातून थोडे आठवडेच मिळतो. हंगामी धंदाच आहे हा, आपल्या हापूससारखा!

पहिला माणूस: कार्लटन वॉटकिन्स

वॉटकिन्सचा जन्म १८२९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाला धावत होते त्या काळात तोही तिकडे गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत फोटोग्राफीत शिरला.

त्या वेळी फोटो मोठा करून छापायची सोय व्यवहारात जवळपास नव्हतीच. मोठा फोटो हवा असेल तर तेवढीच मोठी काचेची प्लेट लागायची. डोंगराचा भव्यपणा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर येत नाही, हे वॉटकिन्सने ओळखलं आणि साधारण १८ बाय २२ इंचांची काच बसेल असा अजस्त्र कॅमेरा बनवून घेतला. १८६१ मध्ये तो हे सगळं सामान खेचरांवर लादून योसेमिटीत पोचला. काचा, रसायनं, आणि अंधाऱ्या खोलीचं काम करणारा तंबू, सगळं सोबत.

पद्धत ओल्या प्लेटची होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत जाऊन धुवायचा. प्रकाश पडू द्यायचा वेळही मोठा. एवढ्या वेळात वारा आला, पाणी हललं, की प्रतिबिंब गेलं आणि एक काचही गेली. तरी त्या एका दौऱ्यात त्याने अशा सुमारे ३० मोठ्या प्लेट आणि १०० च्या आसपास जोडचित्रं मिळवली. जोडचित्रं म्हणजे दोन भिंगांच्या यंत्रात घालून बघितली की खोली दिसायची अशी छोटी छायाचित्रं. घराघरांत ती बघायचा षौक होता.

इथे थांबा आणि धंद्याच्या नजरेने बघा. त्याने एकाच दौऱ्यात दोन प्रकारचा माल तयार केला. मोठी प्लेट श्रीमंतांसाठी, संस्थांसाठी. जोडचित्र सामान्य गिऱ्हाइकासाठी. खर्च एकदाच, बाजार दोन.

१८६२ मध्ये हे फोटो न्यूयॉर्कच्या गॅलरीत लागले. पूर्वेकडच्या लोकांनी ती दरी कधी पाहिलेली नव्हती. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटी दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. त्यामागे वॉटकिन्सच्या फोटोंचा मोठा हातभार होता असं मानलं जातं. पुढे १८९० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. मिरर लेकजवळच्या एका डोंगराला माउंट वॉटकिन्स हे नाव मिळालं. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं.

नाव झालं, पदक झालं, डोंगरही झाला. मग पैसा?

निगेटिव्ह गेली, धंदा गेला

पहिली अडचण नकलेची. अमेरिकेत फोटोला कॉपीराइटचं संरक्षण मिळालं ते १८६५ मध्ये. त्याआधी काढलेल्या फोटोंच्या नकला करून कोणीही विकू शकत होतं, आणि लोक विकत होते.

दुसरी अडचण मोठी. सॅन फ्रान्सिस्कोत त्याने झगमगीत योसेमिटी आर्ट गॅलरी थाटली. त्यासाठी कर्ज काढलं. १८७५ च्या ऑगस्टमध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया कोसळली, सगळीकडे पैशाची चणचण झाली, आणि त्या हिवाळ्यात गॅलरी देणेकऱ्याच्या हातात गेली. नुसती खोली आणि खुर्च्या गेल्या असत्या तर माणूस सावरला असता. गॅलरीबरोबर काचेच्या निगेटिव्हही गेल्या. इसाया टेबर नावाच्या दुसऱ्या फोटोग्राफरने त्याच निगेटिव्हवरून प्रती काढून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली.

लक्षात घ्या, फोटोग्राफरच्या धंद्यात निगेटिव्ह ही गिरणी आहे, छापलेला फोटो म्हणजे पीठ. वॉटकिन्सने पीठ विकून पैसे मिळवले खरे, पण शेवटी कर्जापायी गिरणीच गेली.

माणूस चिवट होता. त्याने पुन्हा कॅमेरा उचलला, त्याच जागांवर पुन्हा गेला, आणि "नवी मालिका" या नावाने तेच डोंगर, तीच तळी परत टिपली. पण आता त्याला स्वतःच्याच जुन्या फोटोंशी स्पर्धा करावी लागत होती. वय वाढलं, नजर मंदावली, एक काळ असा आला की कुटुंबासह रेल्वेच्या जुन्या डब्यात राहावं लागलं. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली. त्याचा स्टुडिओ आणि उरलेल्या निगेटिव्ह जळून गेल्या. टेबरकडचा साठाही त्याच आगीत संपला. १९१० मध्ये वॉटकिन्सला नापाच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

दुसरा माणूस: ॲन्सेल ॲडम्स

आता योगायोग बघा. १९१६ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोचा एक चौदा वर्षांचा मुलगा आई-वडिलांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीला आला. हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा. हा ॲन्सेल ॲडम्स.

१० एप्रिल १९२७ ला तो हाफ डोमच्या कड्यासमोरच्या एका सुळक्यावर चढला. पाठीवर कॅमेरा आणि काचेच्या मोजक्या प्लेट. कड्यासमोर पोचेपर्यंत दोनच उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. घेतल्यावर मनात आलं की यात आकाश फिकं येणार, कड्याचा दरारा येणार नाही. मग शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा रंग अडवतो, म्हणून कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा अंगावर आला. हा फोटो जगप्रसिद्ध झाला. फोटो घेण्याआधीच छापील चित्र मनात बघायचं, हा त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणुकीचा पाया इथे घातला गेला.

त्याच सुमारास अल्बर्ट बेंडर या विमा व्यावसायिकाने त्याचे फोटो पाहिले आणि डोंगरांच्या फोटोंचा संच काढायला सांगितलं. स्वतः दहा संच घेतले आणि फोन उचलून ओळखीच्या लोकांना गिऱ्हाईक केलं. छापण्याआधी विक्री! आज आपण ज्याला प्री-बुकिंग म्हणतो ते हेच. भांडवल गिऱ्हाइकाचं, कर्ज शून्य. वॉटकिन्सच्या गॅलरीशी ताडून बघा.

दुकान, पगार आणि स्वतःचा दिवस

योसेमिटीच्या दरीत हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराने १९०२ मध्ये छोटं दुकान टाकलं होतं, बेस्ट्स स्टुडिओ. त्याची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशी १९२८ मध्ये ॲडम्सचं लग्न झालं. १९३६ मध्ये वडील गेल्यावर दुकान व्हर्जिनियाकडे आलं. ॲडम्स रानोमाळ भटकत होता तेव्हा रोजचा गल्ला सांभाळणारं हे दुकान घरात होतं. ज्यांच्या घरात एक जण कलाकार आणि दुसरा हिशोब बघणारा असतो, त्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

ॲडम्स कंपन्यांची व्यावसायिक कामंही करत होता. नुसत्या डोंगरांवर बरीच वर्षं त्याचं भागत नव्हतं. कामाच्या पैशातून हौस पोसायची आणि हौसेतून हळूहळू मालमत्ता उभी करायची, असा त्याचा मार्ग होता.

१९४१ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने त्याला राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढायचं काम दिलं. ग्रँड टेटनच्या डोंगररांगेपुढून वळसे घेत जाणाऱ्या स्नेक नदीचा त्याचा प्रसिद्ध फोटो याच कामातला, १९४२ चा. हे फोटो सरकारचे झाले आणि आज ते सार्वजनिक आहेत. कोणीही वापरू शकतं. यात वाईट काही नाही, काम घेतानाच ते ठरलेलं होतं.

पण त्याच दौऱ्यात, १ नोव्हेंबर १९४१ ला, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना त्याने एक फोटो घेतला. त्याचं सरकारशी ठरलं होतं की स्वतःच्या वेळात, स्वतःच्या फिल्मवर घेतलेला फोटो स्वतःचा. फोटोची तारीख त्याने लिहून ठेवली नव्हती. ती पुढे चंद्राच्या जागेवरून खगोलाच्या गणिताने काढावी लागली. आणि त्या दिवसाचं बिल त्याने सरकारला लावलेलंच नव्हतं! म्हणून फोटो त्याचा ठरला. आयुष्यभरात त्याने या एका निगेटिव्हच्या सुमारे १,३०० प्रती काढल्या. एका न लावलेल्या बिलाने एवढी मालमत्ता वाचवली. तुमचं बिलबुक काय काय सिद्ध करू शकतं, याचा विचार करा.

१९५८ पासून दुकानात योसेमिटीच्या फोटोंची खास आवृत्ती सुरू झाली. आकार ८ बाय १० इंच, मूळ निगेटिव्हवरून, साहाय्यकाने छापलेली. किंमत पर्यटकाला परवडेल अशी. मोठी, स्वतःच्या हाताने छापलेली प्रत संग्राहकासाठी, आणि ही छोटी प्रत फिरायला आलेल्या कुटुंबासाठी. वॉटकिन्सचीच दोन बाजारांची युक्ती, फक्त इथे गिरणी घरात राहिली. दुकान आज ॲन्सेल ॲडम्स गॅलरी या नावाने चालतं आणि कुटुंबाकडेच आहे.

आग मात्र इथेही चुकली नाही. १९३७ मध्ये योसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागून बऱ्याच निगेटिव्ह गेल्या. हाफ डोमच्या त्या प्रसिद्ध प्लेटच्या कडाही होरपळल्या. पण उरलेला संग्रह पुढे ॲरिझोना विद्यापीठातल्या केंद्रात नीट जपला गेला.

तळं आणि डोंगर टिपताना: कामाच्या पाच गोष्टी

१. पहाटे पोचा. सूर्य वर आला की जमीन तापते, वारा सुटतो आणि आरसा फुटतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड उभा असला पाहिजे.

२. प्रतिबिंब नेहमी मूळ दृश्यापेक्षा थोडं गडद येतं. वरचा डोंगर आणि आकाश पांढरं फटक होऊ नये म्हणून उजळ भागाकडे बघून प्रकाश ठरवा, किंवा वरून गडद आणि खाली पारदर्शक असा फिल्टर वापरा.

३. पोलरायझर फिल्टर फिरवताना जपून. पूर्ण फिरवला तर पाण्याची चकाकी जाते, तळ दिसतो, आणि जे विकायचंय ते प्रतिबिंबच पुसट होतं.

४. पुढ्यात काहीतरी ठेवा. दगड, ओंडका, होडी. त्याशिवाय डोंगराची उंची कळत नाही.

५. एकाच जागेचे आडवे, उभे आणि एका बाजूला रिकामी जागा सोडलेले असे तीन फोटो घ्या. कॅलेंडरवाल्याला आडवा लागतो, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला उभा, जाहिरातवाल्याला मजकुरासाठी मोकळी जागा.

आता आपल्याकडे या

आपल्याकडेही राष्ट्रीय उद्यानांत तळी आहेत. ताडोबाचं तळं, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध, चांदोलीचा वसंत सागर, मुंबईच्या संजय गांधी उद्यानातली तुळशी आणि विहार. कामाला लागण्याआधी हे चार मुद्दे लिहून घ्या.

*मालकी.* आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा सहसा पहिला मालक असतो. पण दोन अपवाद पक्के लक्षात ठेवा. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो मालकाचा. आणि कोणी पैसे देऊन सांगितलं म्हणून काढलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा! म्हणजे एखाद्या रिसॉर्टने "तळ्याचे फोटो काढून द्या" म्हणून पैसे दिले आणि तुम्ही कागद केला नाही, तर तो फोटो तुम्हाला दुसरीकडे विकता येणार नाही. काम घेण्याआधी दोन ओळी लिहून सही घ्या: हक्क फोटोग्राफरकडे, रिसॉर्टला अमुक वापराची, अमुक मुदतीची परवानगी. हक्क कोणाला द्यायचाच असेल तर तोही लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज घेतलेला फोटो तुमच्या मुलाबाळांनाही उत्पन्न देऊ शकतो.

*परवानगी.* १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात फोटोग्राफीसाठी जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पर्यटक म्हणून तिकीट काढून घेतलेला फोटो आणि जाहिरातीसाठी टीम घेऊन केलेलं शूटिंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी आधी अर्ज करा, लेखी उत्तर फाइलला लावा. ड्रोन तर परवानगीशिवाय बॅगेतूनही काढू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे.

*हिशोब.* समजा, चार दिवसांच्या दौऱ्याला २४,००० रुपये खर्च आला आणि विकण्यासारखे सहा फोटो मिळाले. छपाई, फ्रेम, कुरिअर वजा जाता एका प्रतीमागे ४०० रुपये सुटतात. मग नुसता खर्च भरून निघायला ६० प्रती विकाव्या लागतील, म्हणजे प्रत्येक फोटोच्या दहा. आता त्यातलाच एक फोटो एखाद्या कंपनीने कॅलेंडरसाठी एक वर्ष वापरायला ८,००० रुपये दिले, तर ते २० प्रतींच्या बरोबरीचं झालं. आणि फोटो अजून तुमच्याचकडे आहे. आकडे तुमचे घाला, पण निघायच्या आधी घाला.

*जपणूक.* मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. हार्ड डिस्क दुकानातच ठेवली तर आगीत, पुरात दोन्ही एकदम जातात. प्रत्येक फाइलला तारीख, जागा आणि कोणाच्या कामासाठी घेतली हे लिहा. आणि कर्ज घेताना कशाकशाचं तारण लिहिताय ते वाचून सही करा. कॅमेरा गेला तर दुसरा येईल. संग्रह तारणात गेला तर वॉटकिन्ससारखं त्याच डोंगरावर पुन्हा चढावं लागेल.

या आठवड्याचा गृहपाठ

नवीन लेन्स बघायच्या आधी एक वही घ्या. आजवर काढलेल्या फोटोंतले विकण्यासारखे २० निवडा. प्रत्येकापुढे लिहा: कोणाच्या पैशाने काढला, कागद आहे का, मूळ फाइल किती ठिकाणी आहे, आणि हा कोण विकत घेईल. ज्या रांगेत चारही उत्तरं पक्की आहेत, तेवढीच तुमची आजची मालमत्ता. ती तीन निघाली तरी चालेल. तीनपासून सुरू करू.

यादी करून झाली की तुमचा आकडा खाली कमेंटमध्ये टाका. परवानगीपत्राचा आणि दोन ओळींच्या कराराचा मसुदा कसा लिहायचा, ते आपण पुढच्या व्हिडिओत ओळीओळीने बघू.